उजेडाचे पत्रे

माझा धाकटा भाऊ रस्त्यानं चालताना खाली कधी बघत नसे. गुलमंडीवर आम्ही कापड घ्यायला गेलो तरी त्याची मान वर. "दादा, त्या दुकानाचा पत्रा बघ, जोड उलटा घातलाय, वाऱ्याच्या तोंडाला. पयल्या वावटळीत उचकटतो का नाय बघ." मी म्हणायचो, अरे बाबा, खाली बघ, शेण आहे. तो खुशाल शेणात पाय घालायचा, पण जोड उलटा घालणाऱ्याला दोन शिव्या हासडल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. छपरावर मात्र त्याचा पाय कधी वावगा पडला नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

आम्ही पिशोरचे. घरची थोडी जमीन, तिच्यावर चुलते आणि त्यांची पोरं. माझा जन्म पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांचा, त्याचा माझ्यानंतर सहा वर्षांनी. मी मॅट्रिक होऊन शहरात आलो आणि एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात चिकटलो. कोण कधी आला, कोण कधी गेला, हे लिहिण्याचं काम. त्या कामानं माणसाला एक खोड लागते, सगळ्यांना शिकवायची. गेटवरच्या पहारेकऱ्यानं काठी कशी धरावी इथपासून साहेबानं चहात साखर किती घ्यावी इथपर्यंत माझ्याकडे सल्ला तयार असे. बायको म्हणायची, तुम्हाला कुणी विचारलं का? कुणी विचारत नसे, हे खरंच.

भाऊ माझ्या मागोमाग शहरात आला. त्याला बसून करायचं काम मानवणारं नव्हतं. तेव्हा शहराभोवती कारखान्यांची शेडं उभी राहत होती, आणि प्रत्येक शेडावर सिमेंटचे नागमोडी पत्रे पडत होते. एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या टोळीत तो लागला. मिस्त्री गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहायचा, दखनी बोलायचा आणि त्याची सगळी विद्या एका वाक्यात होती. "पाँव बोल्ट पे, नै तो जोड पे. तीसरी जगा नै."

याचा अर्थ मला भावानं समजावून सांगितला होता. सिमेंटचा पत्रा दिसायला दगडासारखा, पण असतो पापडासारखा. त्याच्या मधोमध पाय ठेवला की गेला. म्हणून पाय ठेवायचा तो जिथं पत्रा खालच्या लोखंडी पट्टीला बोल्टनं आवळलेला असतो तिथं. दोन पट्ट्यांमधलं अंतर एका ढांगेत जात नसेल, तर मधलं पाऊल जोडावर, म्हणजे एका पत्र्यावर दुसरा चढलेला असतो त्या दुहेरी जागेवर. फक्त उजेडाच्या पत्र्याच्या आसपास जोडावरसुद्धा पाय टाकायचा नाही. शेडात उजेड यावा म्हणून मधेमधे फायबरचे पत्रे घालतात. ते वजन म्हणून घेत नाहीत, त्यांचा जोड म्हणजे जोडच नव्हे. पण ते वरून लांबूनच वेगळे दिसतात, पिवळट-हिरवे, त्यामुळे त्यांची कुणाला भीती नसे. भाऊ अनवाणी चढायचा. पायाला पत्रा कळतो, म्हणायचा.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या शेडात तीसएक बाया खोकी भरायला बसत. वरच्या फायबरच्या पत्र्यांतून ऊन सरळ त्यांच्या डोक्यावर येई. दुपारी त्या पदर ओला करून डोक्यावर घेत. एक जण चक्कर येऊन पडली, तेव्हा मी साहेबाकडे गेलो आणि म्हटलं, आमच्याकडे छपरावर चुना मारतात, घर थंड राहतं. साहेब कसल्यातरी कागदात होता. म्हणाला, करा काय करायचं ते.

मग काय, मला रान मोकळं झालं. चुना मारणारे दोघं आणले. त्यांनी सिमेंटच्या पत्र्यांवर हात मारला आणि फायबर तसंच सोडलं. मी खालून ओरडलो, त्याच्यावर पण मारा की! ऊन तिथूनच येतं! ते म्हणाले, शेडात अंधार व्हईल. मी म्हटलं, दिवे कशाला आहेत? वर आणखी सांगितलं की चुन्यात सरस जरा जास्त घाला, म्हणजे वळवाच्या पावसानं धुऊन जायचा नाही. त्यांनी घातला. संध्याकाळी रस्त्यावरून बघितलं तर सगळं छप्पर एकसारखं पांढरंशुभ्र, एक डाग म्हणून नाही. मी खूश होतो. बायांनी मला शेंगदाण्याचे लाडू आणून दिले. ते मी घरी नेऊन सगळ्यांना दाखवून खाल्ले.

पुढच्याच महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं त्या छपराचे चार पत्रे उचकटून सैल झाले. कारखान्यानं ठेकेदाराला बोलावलं आणि ठेकेदारानं नेमकी मिस्त्रीची टोळी पाठवली. सकाळी भाऊ गेटातून आत आला तो हसतच. "दादा, आज तुझ्या घरावर चढायलोय." मी त्याला टाइम ऑफिसात बसवून चहा पाजला. मग माझी खोड. म्हटलं, "वर चुना मारलाय बरं का. चपला काढून जा, जपून जा, घसरशील."

तो म्हणाला, "आता तू मला शिकव. मी कवा चपला घालून चढलो?"

शिडी बाहेरच्या भिंतीला होती. तो शेडात गेलाच नाही, नाहीतर आतला अंधार बघून त्याला शंका आली असती. मी चहाचे कप उचलले आणि हजेरीचं पुस्तक पुढे ओढलं. फायबरचा विचार माझ्या मनात आला नाही. नंतर मी तो कितीतरी वेळा मनात आणून बघितला, पण त्या सकाळी तो आला नव्हता.

अकराच्या सुमाराला मडकं फुटल्यासारखा आवाज झाला आणि बाया ओरडल्या. मी धावत शेडात गेलो. महिनाभर त्या शेडात ऊन पडलं नव्हतं. आता फरशीवर मधोमध उन्हाचा एक तुकडा पडला होता आणि त्याच्यात माझा भाऊ होता. खोक्यांच्या थप्पीच्या कडेवर पाठ आपटून तो खाली आला होता. रक्त फारसं नव्हतं. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाला, "दादा, माझे पाय कुठंयत?"

पाय तिथंच होते. मी त्याला हात लावून दाखवले, हे बघ, हे बघ. त्याला कळत नव्हतं. आजूबाजूला पत्र्याचे तुकडे पडले होते, एका बाजूनं पांढरे, दुसऱ्या बाजूनं पिवळट. मी त्यातला एक तळहाताएवढा तुकडा उचलला आणि खिशात घातला. का घातला ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बाकीचे झाडणारीनं तासाभरात भरून नेले. मिस्त्री आणि टोळी भावाबरोबर सरकारी दवाखान्यात गेली होती, आणि माल भिजू नये म्हणून कारखान्याच्या दुरुस्तीवाल्यांनी तिसऱ्या प्रहरी नवा पत्रा टाकूनही दिला. कुठला पत्रा फुटला होता हे त्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या फायबरवरचा चुना मी आडव्या शिड्या टाकून धुऊन घेतला. म्हणजे मला सगळं कळलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मणका मोडलाय, कमरेखाली आता जेवढं आहे तेवढंच. तेवढं म्हणजे काहीच नव्हतं. तिथंच व्हरांड्यात ठेकेदार आणि कारखान्याचा एक अधिकारी कागद घेऊन आले. कामगारानं पत्र्याच्या मधोमध पाय ठेवल्यानं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, असं त्यात लिहिलं होतं. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो रडतच म्हणाला, "जोड टूटता नै साब. बीच में पड़ा होगा पाँव. और क्या बोलूँ?" त्याच्यापुरतं ते खरंच होतं, पांढऱ्या छपरावर त्याला दुसरं काही दिसलं नव्हतं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. नोकरी जाईल म्हणून सही केली, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होतो. पण नोकरीची भीती मला तेव्हा वाटलीच नव्हती. भावजय पाच पावलांवर उभी होती, आणि तिच्या देखत मला तोंड उघडायचं नव्हतं, एवढंच.

भावाचं घर गारखेड्याला होतं. तेव्हा तिकडे अजून बरंच रान होतं. दोन खोल्या, वर त्यानंच घातलेले पत्रे. त्या सगळ्या वस्तीत पावसाळ्यात न गळणारं तेवढं एकच घर होतं. आता तो त्याच पत्र्यांखाली खाटेवर उताणा पडून असायचा. भावजय दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, तरी पाठीला जखमा व्हायच्याच. कुणी सांगितलं म्हणून हाडवैद्य झाला, तेल झालं, शेक झाला. मी दर रविवारी सायकलवर जायचो, फळं न्यायचो, लघवीची पिशवी बदलायचो, दाढी करायचो. हे लिहिताना मी किती केलं असं वाटतं. त्यातलं एकही काम त्याला हवं होतं ते नव्हतं.

त्याला हवं होतं ते वेगळंच. तो काड्यापेटीतल्या काड्या छातीवर मांडायचा. आडव्या काड्या म्हणजे लोखंडी पट्ट्या, उभ्या काड्या म्हणजे जोड. मग बोट पावलासारखं ठेवत जायचा. "हे बघ दादा. हितं बोल्ट. हितून ढांग नाय पोचत, म्हनून हितं जोडावर. जोड मला पायाला लागला, मला चांगलं याद हाय. मंग जोड कसा तुटंल? तू खाली व्हतास. तू काय पायलं?"

"मी आवाज ऐकून आलो रे," मी म्हणायचो.

"तुकडे पायले असशील की."

"माझं लक्ष तुझ्याकडं होतं."

दर रविवारी हेच. त्याच्या पायांचं दुःख त्यानं माझ्यासमोर कधी फार केलं नाही. टोळीतले गडी सुरवातीला यायचे, त्यांच्याशीही तो काड्या मांडून भांडायचा. ते मान हलवायचे आणि बाहेर जाऊन एकमेकांना सांगायचे, चुकला बिचारा, कबूल करवत नाही. हे त्याला ऐकू जायचं. पत्रा जेवढा आवाज बाहेरून आत आणतो तेवढा भिंत आणत नाही. मिस्त्री दोन-तीनदा येऊन गेला आणि मग यायचा थांबला. त्याच्या टोळीत नव्या माणसाला शिकवताना माझ्या भावाचं उदाहरण देतात, असं कुणीतरी येऊन सांगितलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि मी, ज्याला जगात कुणालाही सल्ला द्यायला एक क्षण लागत नसे, मी समोर बसून मोसंबी सोलत होतो. घरी ट्रंकेत विम्याच्या कागदांखाली तो तुकडा होता. मी एक वाक्य बोललो असतो तर त्याचा पाय चुकला नव्हता हे सिद्ध झालं असतं. पण मग पाय कुणामुळे गेले हेही त्याच वाक्यात आलं असतं. अशी सात वर्षं गेली. मला माझी लाज वाटत होती, पण लाजेनं कुणाचं तोंड उघडत नाही, उलट जास्तच मिटतं.

एका रविवारी मी गेलो तर छातीवर काड्या नव्हत्या. मी दाढीचं पाणी घेतलं, साबण लावला. तो वर पत्र्याकडे बघत होता. म्हणाला, "दादा, मिस्त्री म्हनतो तेच खरं असंल. चुकला असंल माझा पाय. मानसाला वाटतं जोडावर हाय, अन् पडतो भलतीकडंच. आता कुठवर भांडायचं?"

इतकी वर्षं तो भांडत होता तोवर मला वाटत होतं की आज नाही तर उद्या सांगू. आता त्यानं ते खोटं स्वतःच्या तोंडानं मान्य केलं होतं. मी वस्तरा वाटीत ठेवला, त्याचं अर्धं तोंड साबणाचं तसंच टाकून सायकल काढली, घरी गेलो, ट्रंक उपसली आणि तासाभरात परत आलो. साबण त्याच्या गालावर वाळून गेला होता. तुकडा मी त्याच्या हातात दिला.

त्यानं तो उलटासुलटा केला. चुन्याच्या बाजूवर अंगठा घासला, मग कड बोटानं चाचपली. त्याला सांगायची गरजच नव्हती, तरी मी सांगितलं. "फायबर होतं. त्याच्यावर चुना होता. चुना मी मारायला लावला. सरसही मीच जास्त घालायला लावला. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी वाट बघत होतो. त्यानं तो तुकडा माझ्या तोंडावर फेकला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तो हाक मारत सुटला, "अगं ए, हिकडं ये! हिकडं ये लवकर! जोडावरच व्हता माझा पाय! फायबरचा जोड व्हता तो! दादा, सांग तिला. सांग की!"

मी भावजयीला सांगितलं. तिनं ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "मग त्या कागदावर सही कामून केली तुमी?"

तोवर त्या कागदाला सात वर्षं झाली होती, ठेकेदार गाव सोडून गेला होता आणि कारखान्यालाही कुलूप लागलं होतं. मी एका वकिलाला विचारून आलो, त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून भावजय माझा चहा हातात न देता जमिनीवर ठेवायला लागली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

भावाला मात्र त्या कागदाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला माणसं हवी होती. दूधवाला आला की म्हणायचा, दादा, सांग याला. न्हावी, शेजारची म्हातारी, पिशोरहून आलेला चुलता, प्रत्येकाला मी सांगायचं आणि त्यानं तुकडा दाखवायचा. मी सांगायचो. चुना मी मारायला लावला. पहिल्यांदा जीभ अडखळायची, नंतर तेही होईना. लोक माझ्याकडे बघायचे आणि मग भावाला म्हणायचे, तुझी चूक नव्हती रे. तो म्हणायचा, "तेच तर सांगायलोय." माझ्यावर तो एकदाही चिडला नाही. मी वाट बघायचो, पण तो नाहीच चिडला.

शेवटी म्हणाला, मिस्त्रीला आण. गुलमंडीच्या मागच्या त्या गल्लीत मी गेलो. मिस्त्रीला आता नीट दिसत नव्हतं. त्यानं तुकडा डोळ्यांजवळ नेला, मग दारात जाऊन उन्हाकडे धरला. टोपी घातली आणि माझ्याबरोबर निघाला. रिक्षात सगळ्या वाटेत त्यानं तुकडा मुठीत धरून ठेवला होता.

भावानं त्या दिवशी भावजयीकडून धुतलेला सदरा घालून घेतला होता. टोळीतले दोन जुने गडीही बोलावले होते. मिस्त्री आत आला, खाटेच्या पायथ्याशी बसला, चादर बाजूला केली आणि त्यानं भावाचं उजवं पाऊल दोन्ही हातांत धरलं. "मेरेकू माफ कर बेटा," म्हणाला. "मैं बोला तीसरी जगा पे पड़ा. नै पड़ा था. ये पाँव चूका नै था."

त्या पावलाला काहीच कळत नव्हतं. भाऊ मान उचलून ते हात बघत होता आणि रडत होता. सात वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. "नको उस्ताद, पाय नका धरू," म्हणत होता, पण त्या हातांतून सोडवून घ्यायला त्याला पाय हलवता येत नव्हता.

मग गड्यांतला एक जण माझ्याकडे वळला. म्हणाला, "पन तुमी तिथंच व्हता. चढायच्या आधी याला सांगायचं तरी, वर सगळ्यावर चुना मारलाय म्हनून."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी भाऊच बोलला. डोळे पुसत, अगदी ठासून बोलला. "त्यानं सांगितलं व्हतं. दादाला बोल लावू नका. चहा पाजून सांगितलं व्हतं मला, चुना मारलाय, जपून जा. म्याच हसलो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि त्या नजरा जरा निवळल्या. भावजयीनंही बघितलं. मी सांगितलं होतं ते घसरशील म्हणून, फायबरचं नाही. ते मला त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण तो खाटेवरून माझ्याकडे बघत होता, त्याला वाटत होतं की इतक्या वर्षांनी त्यानं माझ्यासाठी काहीतरी केलं. मी खाली मान घातली आणि गप्प बसलो. भावजय आत गेली, चहा घेऊन आली आणि त्या दिवशी तिनं कप माझ्या हातात दिला.